राजा जेवला तेव्हा

काळेवाडीत आम्ही भाड्यानं राहायला आलो तेव्हा खालच्या खोलीत एक निवृत्त नर्स राहत होत्या. मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालं होतं. रविवारी चर्चची माणसं रिक्षातून घेऊन जायची, पण एरवी बायबल वाचून दाखवायला कोणी नव्हतं. मी चाकणला कंपनीत, बहुतेक सेकंड शिफ्टला, त्यामुळे सकाळ मोकळी. त्यांनी एकदा जिन्यात विचारलं आणि मी हो म्हणालो.

आईला ते आवडलं नाही. ती बीडकडची. वाचायचंच असेल तर दारात उभं राहून वाच, असं तिनं बजावलं. पहिले काही दिवस मी खरंच तसं वाचलं. मग सिस्टरांनी उंबऱ्याशी एक स्टूल आणून ठेवलं. पुढे आईच भाजी निवडायच्या निमित्तानं माझ्यावर लक्ष ठेवायला तिथं येऊन बसू लागली.

त्या पुस्तकातली मराठी ओळखीची वाटायची आणि परकीही. ही कुणाची भाषा, असं मी एकदा विचारलं. सिस्टरांनी सांगितलं की आधी हे इब्री म्हणजे हिब्रू भाषेत, कातड्याच्या गुंडाळ्यांवर हातानं लिहिलेलं होतं. पुढचा भाग ग्रीकमधला. मराठीत पहिल्यांदा छापलं गेलं ते पार बंगालमध्ये. तिथल्या मिशनरी साहेबाच्या हाताशी एक मराठी पंडित होता. नंतर कितीतरी जणांनी ते पुन्हा पुन्हा दुरुस्त केलं. तो पंडित आपल्याच धर्मात राहिला म्हणतात, आणि सिस्टर रोजच्या प्रार्थनेत त्यालाही धरायच्या. हे ऐकल्यापासून वाचताना माझाच आवाज मला एकट्याचा वाटेनासा झाला. मी थांबलो की कुणीतरी पुढचा शब्द घेऊन उभं आहे, असं वाटायचं.

एका सकाळी राजाच्या मुलाची गोष्ट आली. मूल आजारी पडतं. राजा अन्न सोडतो, जमिनीवर पडून राहतो. मूल जातं. सांगायला नोकर घाबरतात, पण त्यांच्या कुजबुजीवरून राजा ओळखतो. मग तो उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, देवाच्या दारी जाऊन येतो आणि जेवायला वाढा म्हणतो.

मेथीच्या जुडीत आईचा हात थांबला.

"जेवला?"

"जेवला," सिस्टर म्हणाल्या. "नोकरांनीही त्याला हेच विचारलं."

राजाचं उत्तर मी वाचलं. मूल होतं तोवर देवाला दया येईल म्हणून उपाशी राहिलो. आता ते काही परत येणार नाही, मीच कधीतरी त्याच्याकडे जाईन, असं काहीसं. आई भाजी तिथंच टाकून वर निघून गेली.

दुपारी मी निघालो तेव्हा ती माझा डबा भरत होती. पाठमोरीच तिनं सांगितलं की माझ्या आधी एक मुलगी होती. ऊसतोडीला गेले असताना तिथल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तापानं गेली. मी चाळिशीला आलो तरी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"सकाळी तिला पुरलं आन् आमी फडात गेलो," आई म्हणाली. "सांजच्याला मी आख्खी भाकर खाल्ली. भूक लागली हुती मला."

डबा घेऊन मी निघालो. कंपनीच्या बसमध्ये शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर कुणी बसू नये असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी आई माझ्या आधी खाली गेली आणि पहिल्यांदाच आत जाऊन बसली. मी पोचलो तेव्हा तिचं त्या मुलीबद्दल सांगून झालं होतं. राजाच्या पापाची शिक्षा म्हणून मूल गेलं, हे आदल्या दिवशी वाचताना तिच्या कानांवर पडलं होतं. तिनं विचारलं, "लेकराचं काय चुकलं हुतं?"

सिस्टरांनी चाचपून आईचा हात धरला. "वॉर्डात मीही हे कितीदा विचारलं, बाई. मला उत्तर मिळालं नाही."

"आन् त्यो जेवला, त्याचं?"

"त्याला कुणी पाप म्हटलेलं नाही. या पुस्तकात तरी नाही."

मला वाटलं, आईचं मन आता हलकं होईल. झालं उलटंच. इतकी वर्षं दडपून ठेवलेली ती मुलगी घरात आली. आई माझ्या बायकोला हाक मारताना भलतंच नाव घ्यायची आणि मध्येच थांबायची. संध्याकाळी एक भाकरी झाकून ठेवायची. तिचे देव देव्हाऱ्यातच राहिले, त्यांची पूजा कधी चुकली नाही. पण तो उतारा तिला पुन्हा पुन्हा हवा असायचा. सिस्टर पुढचं वाच म्हणायच्या आणि मग आईसाठी मागचं पान काढायला सांगायच्या. आता मलाही कासारवाडी स्टेशनवर माझ्याहून थोडी मोठी एखादी बाई दिसली की मी उगाच तिच्या चेहऱ्याकडे बघतो.

दोन वर्षांनी सिस्टर गेल्या. दफनाला आई माझ्याबरोबर आली. मातीची मूठ भरून ती इतका वेळ उभी राहिली की मागच्यांना थांबावं लागलं. पुस्तक सिस्टरांचा पुतण्या नगरला घेऊन गेला.

खालच्या खोलीत आता एक तरुण जोडपं राहतं. मागच्या महिन्यात त्यांचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. ती बाळंतीण मुलगी कुणाशी बोलेना, खाईना. आई ताट घेऊन खाली गेली. मी जिन्यात होतो, त्यांचं दार उघडं होतं. ती तिला राजाची गोष्ट सांगत होती. तिच्या गोष्टीत राजाचं लेकरू मुलगी होतं आणि राजासमोर भाकरी होती. राजा पहिला घास हातात धरून कितीतरी वेळ नुसता बसून राहतो, हेही कुठं लिहिलेलं नाही.

मी आत गेलो नाही. बऱ्याच वेळानं त्या मुलीनं ताट जवळ ओढलं.