माळ्यावर नसलेला कप

मी थापाड्या आहे, हे दिंडोशीपासून गोराईच्या जेटीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या पश्चिम विभागाच्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धेचा इतिहास माझ्याकडून ऐकाल तर अर्धा सोडून द्या, असं माझी बायकोच लोकांना सांगते. कुठला अर्धा, ते तिलाही ठाऊक नाही.

ही स्पर्धा निघाली ती आम्हा कॅडींच्या सोमवारातून. साहेबलोकांच्या बॅगा वाहणारे आम्ही. सोमवारी क्लब बंद, म्हणजे मैदान आमच्या बापाचं. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर. त्याची शिट्टी मुलुंडपर्यंत ऐकू गेली. पुढे कंपनी आली, मंडप आला, पुण्या-अहमदाबादचे प्रो, म्हणजे पैशासाठी खेळणारे, आले, कुकरच्या जागी चांदीचा कप आला. एका पठ्ठ्याने मारलेला बॉल घाटकोपरच्या सोसायटीच्या टाकीत पडला, तिथल्या पाण्याला अजून गवताचा वास येतो म्हणतात. म्हणतात म्हणजे, मी म्हणतो. मग कंपनी गेली, मंडप गेला, पाठोपाठ स्पर्धाही गेली. तिच्या आठवणी काढायला उरलो मी आणि माझा दोस्त.

तो गोराईच्या कोळ्यांचा. त्याची आई ओहोटीला तळव्याने वाळू दाबून बघायची. खाली तिसऱ्यांचे शिंपले आहेत की नाहीत, ते तिला हाताला कळायचं. हा साहेबाची टाकून दिलेली गोल्फची काठी घेऊन तिच्या मागे. तोही तसाच काठीने वाळू दाबायचा, ओली की कोरडी ते बघायचा, मग फटका मारायचा. त्या वाळूच्या जोरावर तो कॅडीचा प्रो झाला. मैदानात वाळूचे खड्डे असतात, बंकर. भल्याभल्यांना तिथे घाम फुटायचा. हा मात्र घरी आल्यासारखा उतरायचा.

स्पर्धेच्या शेवटच्या वर्षी कप त्याच्या हातात आल्यातच जमा होता. बॅग माझ्या खांद्यावर होती. शेवटच्या होलला बॉल बंकरमध्ये गेला. फटक्याआधी काठी वाळूला टेकली तर दोन फटके दंड, असा नियम. इतकी वर्षं लहानपणाची ती सवय तो फाटकाबाहेर ठेवून आत यायचा. त्या दिवशी ती आत आली. फटका असा बसला की बॉल झेंड्याजवळ जाऊन थांबला. टाळ्या पडल्या. आणि हा वाळूतच उभा राहिला, हात वर केला, आणि पंचाला म्हणाला की काठी टेकली. एका फटक्याने गेला कप.

आता तो चारकोपला राहतो आणि विसरत चाललाय. जुन्या गोष्टी बोलत राहा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून मी दर रविवारी जातो आणि स्पर्धेचा इतिहास लावतो. बंकर आला की त्याचा चेहरा उतरायचा. एका रविवारी मला ते बघवेना. गोष्टीत मी काठी टेकवलीच नाही. तो जिंकला. असा हसला, की पुढच्या रविवारी मी बँड आणला, त्याच्या पुढच्या रविवारी हत्ती. चारकोप नाक्यापर्यंत मिरवणूक काढली मी त्याची.

मग एका सकाळी वहिनींचा फोन आला. त्याने माळा रिकामा केला होता. पातेली, गोधड्या, गणपतीचं मखर, सगळं जमिनीवर. "भावोजी," त्या म्हणाल्या, "ते कप मागतायत. आता तुम्हीच द्या आणून." चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाजारात कप मिळतात, हवं ते कोरूनही देतात. दुकानाच्या पायरीपर्यंत गेलो. पण हात वर करून वाळूत उभा असलेला तो डोळ्यांपुढून हलेना. रिकाम्या हातानेच त्याच्याकडे गेलो.

"तू जिंकला नव्हतास रे," मी म्हणालो. "काठी टेकली होती."

"कोणी बघितली?"

"कोणीच नाही."

"तू?"

"मीपण नाही."

"मग कळलं कसं?"

"तूच सांगितलंस मेल्या."

मग त्याने तळवा चादरीवर ठेवला आणि हळूच दाबला.

"ओली होती," तो म्हणाला.

मला वाटलं, आला परत. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्या दिवशी त्याने कपाचं नाव काढलं नाही.

आठवडा संपायच्या आत पुन्हा फोन. स्टूल ओढून तो पुन्हा माळ्यावर चढला होता. जन्मभर थापा मारल्या, कुणाच्या त्या दुसऱ्या दिवशी लक्षात राहिल्या नाहीत. त्याच्या डोक्यातून बायकोचं नाव गेलं, होडी गेली, वाळूतला तो वर केलेला हात गेला. माझी थाप तेवढी चिकटून राहिली.

आता दर रविवारी मी चारकोपला जातो आणि माझ्या दोस्ताला एका फटक्याने हरवतो. हत्ती नाही, बँड नाही. तो विचारतो, कोणी बघितली? मी सांगतो. त्याचा चेहरा उतरतो. मग मी स्टुलावर चढतो, तो खालून एकेक पातेलं देतो, आणि आम्ही माळा पुन्हा भरून ठेवतो.