बोलण्याचं वेळापत्रक

मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऐकू नीट येत होतं, ते तपासून घेतलं होतं. सांगितलेलं सगळं समजायचं. पाणी हवं असलं की माठाकडे बोट, बाहेर जायचं असलं की दाराकडे बोट. ती मला चाळिशीत झालेली, एकुलती एक. डॉक्टरांनी आम्हाला बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. त्यांनी तिला तासभर खेळवलं आणि मला कन्नडमध्ये समजावलं: घरीच खेळवा, हातांना काम द्या, काम करता करता बोला, घरात जी भाषा बोलता ती बोला. तीन महिन्यांनी परत या.

मी कडकोळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. तिथे प्रत्येक बोल्टला डबा आहे आणि प्रत्येक डब्याला चिठ्ठी. तीन महिन्यांची रजा मंजूर झाली त्याच संध्याकाळी मी यादी करून फ्रिजवर चिकटवली. साडेनऊला गुंड्या, दहाला पाणी, साडेदहाला कणीक, अकराला कपड्यांचे चिमटे. नवऱ्याचं देवराज मोहल्ल्यात शिवणाचं दुकान आणि सासूबाई घरी बसून त्याच्या ब्लाउजांना काजं करणाऱ्या, त्यामुळे गुंड्यांना तोटा नव्हता. इडलीपात्राच्या खळग्यांत मोठ्या, मधल्या, लहान अशा वेगळ्या करायच्या. पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतायचं. चिमटे बादलीच्या कडेला लावायचे. प्रत्येक कामापुढे मी चौकट आखली होती, झालं की खूण.

यादीच्या वर मात्र मी माझ्या मनाचं एक वाक्य लिहिलं. एकच भाषा, शुद्ध मराठी.

बाईंनी असं काही म्हटलं नव्हतं. पण आमची मराठी कशी आहे ते मला ठाऊक होतं. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरात राहून वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. एका लग्नात पुण्याच्या पाहुण्यांनी हसत विचारलं होतं, ही कुठल्या गावची मराठी? ते माझ्या मनात रुतून बसलं होतं. मला वाटलं, पोरीचं डोकं याच खिचडीनं गोंधळलंय. म्हणून फर्मान काढलं. सोप्पू नाही, पालेभाजी. कत्तरी नाही, कात्री. सुम्ने नाही, उगीच. इन्नू नाही, अजून.

पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी प्रयत्न केला. वाक्य सुरू करायच्या, मध्ये अडायच्या, माझ्याकडे बघायच्या. मी शब्द पुरवायची. दुसऱ्या आठवड्यात त्या काज करता करता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अगं, मी बोलू की नको बोलू, तेवढं लिही त्या कागदावर."

"अत्या, तीन महिन्यांचाच प्रश्न आहे," मी सासूबाईंना म्हटलं.

"मग तीन महिने सुई बोलेल," त्या म्हणाल्या, आणि खरंच गप्प झाल्या.

नवऱ्यानं वाद घातला नाही. दुपारी जेवायला यायचा आणि भात हवा असला की भाताकडे बोट दाखवायचा. एकदा त्यानं ताकाकडे बोट केलं, तेव्हाच मुलीनं माठाकडे केलं, आणि मी दोघांच्या मध्ये पळी घेऊन उभी. त्या क्षणी हसायला हवं होतं. मी चौकटीत खूण केली.

घर दुकानांच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मुलगी जिन्यावरून पडू नये म्हणून जाळीच्या दाराला वरून कडी. सकाळी सव्वासातला कारखान्याची बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायची, ती माझ्याशिवाय निघून जायची. मग दिवस सुरू. ही मोठी गुंडी. ही लहान गुंडी. ही कशी? सांग, ही कशी? मुलगी गुंडी बरोबर खळग्यात टाकायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. दुपारपर्यंत माझंच बोलणं मला नकोसं व्हायचं. शब्द आधी मनात तपासायचे, मग बोलायचे. तिला कुशीत घेऊन लाडानं काही म्हणावं तर तोंडात कन्नडच यायचं, म्हणून मी लाडही मुक्यानं करायची. माझ्या आईनं मला ज्या बोलीत खेळवलं होतं, तीच मी घराबाहेर काढली होती आणि आत आम्ही चौघं अडकलो होतो. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. पण काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. पाणी ओततानाचा वेळ मी अर्ध्या तासाचा पाऊण तास केला.

तीन महिने संपले. बाईंनी सासूबाईंनाही बोलावलं होतं. घरी जसं खेळवता तसं खेळवा, म्हणाल्या. मी इडलीपात्र सोबत नेलं होतं. मुलीनं सगळ्या गुंड्या एकही चूक न करता वेगळ्या केल्या, पण एक शब्द नाही. बाईंनी सासूबाईंना विचारलं, आज्जी का बोलत नाहीत? सासूबाईंनी कन्नडमध्ये सरळ सांगितलं की परीक्षेची मराठी मला येत नाही.

बाईंनी विचारून विचारून माझ्याकडून फर्मानाचं सगळं काढून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घरातली भाषा बोला म्हटलं होतं मी. ही तुमच्या घरात कोण बोलतं?"

कोणीच नाही. मीसुद्धा नाही.

"आणि तुम्ही प्रश्न विचारला की तिचा हात थांबतो," त्या म्हणाल्या. "बघितलंत?"

मी बघितलं नव्हतं. मी खुणा करत होते.

सोमवारी रजा संपली. मुलगी सासूबाईंकडे राहिली आणि मी कामावर गेले. चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. डोक्याला तेल लावायला घेतलं तर पोरगी स्पष्ट "बेडा" म्हणाली, नको म्हणाली. मी किती वाजता, असं विचारलं. त्या हसल्या. "तुझ्या कागदावर लिहायचंय का गं?" मी फोन ठेवला.

त्यानंतर रोज नवा शब्द, आणि रोज माझ्या पाठीमागे. मी घरात पाऊल टाकलं की मुलगी गप्प. खेळ हातातच थांबायचा, नजर माझ्या तोंडाकडे, आता काय विचारणार अशी. मी काहीही विचारत नव्हते. तरी ती वाट बघायची. आज्जीशी बोलणारी मुलगी मी फक्त फोनवर ऐकली होती.

एका शुक्रवारी बस लवकर आली. जिना चढताना आतून आवाज आला, म्हणून मी वरच्या पायरीवर चपला न काढता बसले. सासूबाई तिला कुठल्याशा म्हशीची गोष्ट सांगत होत्या, निम्मी मराठी, निम्मी कन्नड, आणि मध्ये मध्ये एक बारीक, जरा घोगरा आवाज त्यांना दुरुस्त करत होता. "लाल म्हैस." हे दोन शब्द तिनं जोडून म्हटले होते. मी श्वास रोखून ऐकत होते. पिशवीतला डबा मात्र पायरीवर घसरला.

आत शांतता. मग तोच आवाज, दबका.

"आज्जी, शू. अम्मा आली."

माझ्या मुलीचं मी स्वतः ऐकलेलं पहिलं पूर्ण वाक्य हे. मी उठले नाही. बंद दाराकडे बघून, जसं तोंडात आलं तसं म्हटलं, "मी इन्नू आले नाही गं. तुम्ही बोला दोघी."