आभाळाला न दिसलेलं वावर

माझं काम आभाळातून जमीन बघण्याचं. पुण्यातल्या एका ऑफिसात बसून, उपग्रहांच्या फोटोंवरून कुठे पीक, कुठे पडीक, कुठे पाणी हे मी ठरवते. आता एक-दोन उपग्रहांचा जमाना राहिला नाही. ताफेच्या ताफे फिरतात. एकाला ढग आडवा आला तर मागून दुसरा हजर. गावात कोणी विचारलं की बाबा मान ताठ करून सांगायचे, "माही पोरगी सारी धरती पाहते."

त्या धरतीतला मोताळ्याकडचा एक तुकडा आमचा होता. आमचा म्हणजे काय, गायरानाचा. आम्हा बौद्धांच्या घरांना ना सातबारा, ना वाडवडिलांची जमीन. आजोबांनी माळावरचे दगड वेचून तो तुकडा तयार केला आणि पुढे बाबांनी तो लपवून कसला. पीक दिसलं की कोणीतरी ढोरं सोडायचं, नाहीतर कचेरीत चुगली करायचं. म्हणून बाबांनी कधी धुरा, म्हणजे वावराचा बांध, साफ केला नाही. पळसाची झुडपं राखली, कडेचं गवत वाढू दिलं आणि मध्ये नांगराच्या वेड्यावाकड्या तासांत ज्वारी अन् तीळ पेरले. कापूस कधीच नाही, कारण पांढरी बोंडं रस्त्यावरूनच दिसतात. कापणी झाली की धसकटंसुद्धा उपटून आणायचे.

"बाबा, चोरावानी काऊन पेरता?" असं मी लहानपणी विचारायची. मला लाज वाटायची, आणि भाकर मात्र त्याच ज्वारीची खायची.

पलीकडे गावातल्या एका बड्या घराने गायरानाचा मोठा पट्टा ट्रॅक्टर घालून उघड नांगरला होता. त्यांना लपवायची गरज काय? त्यांच्या पिकात ढोरं सोडायची कोणाची छाती होती!

मग एकदा कचेरीतून निरोप आला. जुनी वहिवाट सिद्ध करा, जमीन नावावर होईल. उपग्रहाचे जुने फोटो पुरावा म्हणून चालतील. मी हरखून गेले. माणसाच्या साक्षीला जात असते, आभाळाला नसते, असं मोठ्या तोऱ्यात बाबांना फोनवर ऐकवलं. एवढी शिकलेली मी, अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

जुने फोटो एकेक करून उघडले. बड्या घराचा पट्टा दरवर्षी ठसठशीत, सरळ रेघांचा. आमच्या जागी गवत. ज्वारी गवतासोबत हिरवी होते आणि गवतासोबतच वाळते. वरून दोन्ही सारखीच. मी रंग बदलून पाहिले, महिने बदलून पाहिले, वर्षं बदलून पाहिली. पडीक, पडीक, पडीक. बाबांनी जन्मभर गावाला चकवलं होतं, त्यात आभाळही चकलं.

सुनावणीत बड्या घराची जमीन पक्की झाली. आमच्या अर्जावर 'वहिवाट आढळत नाही' असा शेरा पडला. मी साहेबांना ज्वारी आणि गवत समजावून सांगू लागले, तर ते हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर याच धंद्यातल्या. फोटो कधी खोटं बोलतो का?"  त्या हसण्याचा माझा संताप अजून उतरलेला नाही.

बाहेर आल्यावर बाबा बाकड्यावर बसले. "मले वाटे, लपवलं म्हून टिकलं," एवढंच बोलले.

उन्हाळ्यात त्यांनी मला न विचारता पळस तोडला, गवत काढलं, भाड्याचा ट्रॅक्टर लावला आणि भर दुपारी, साऱ्या गावादेखत वावर नांगरलं. काही दिवसांनी तालुक्याचे ताजे फोटो माझ्याच टेबलावर आले. माळाच्या मधोमध एक तपकिरी चौकोन होता. धुरा साफ, तास सरळ. आणि त्यावर यंत्राने आपोआप लावलेली लाल खूण: नवीन अतिक्रमण.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो उत्साह होता.

"पोरी, आता तं दिसते ना आपलं वावर?"

"हाव बाबा," मी म्हटलं. "आता दिसते."