वायर भाभींच्या हातात

"भाऊ, बोर्डावरचा लाइट चालू हाय. पिन काढू का?"

नजमाभाभींनी हे विचारलं तेव्हा माझ्या एका हातात कार्ड होतं, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर आणि डोक्यात पंचवीस वर्षांच्या कम्प्युटर रिपेअरिंगची हवा. मी म्हणालो, "राहू द्या भाभी. आपलं रोजचंच काम हाय."

ही गोष्ट परतवाड्याची. युसूफभाई आणि नजमाभाभी नवरा-बायको. पुढच्या खोलीत कम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन. युसूफभाई दुकानांतून ऑर्डरी आणायचे. डिझाइन करणं आणि मशीन चालवणं सगळं भाभींकडे. कम्प्युटर जुना, पण बदलता येत नव्हता. त्यांचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. डिझाइन कम्प्युटरमधून मशीनकडे ज्या सिरियल पोर्टातून जायचं, तो पोर्ट आदल्या आठवड्यात वीज कडाडली तेव्हा जळला होता. उपाय सोपा. मदरबोर्डवर लांब खाचा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. रिकाम्या स्लॉटमध्ये नव्या पोर्टाचं कार्ड दाबून बसवायचं, झालं. मी अमरावतीहून कार्ड घेऊन सकाळच्या एसटीनं गेलो. मशीनवर एका नवरीचा दुपट्टा अर्धा भरून थांबलेला होता.

आता त्या पिनचं सांगतो. मी काम शिकलो तेव्हाच्या कम्प्युटरला खराखुरा स्विच असायचा. बंद केला की आत करंट नाही. भिंतीतल्या सॉकेटमधली पिन मात्र आम्ही मुद्दाम लावून ठेवायचो, अर्थिंग मिळावं म्हणून. नाहीतर अंगातली स्टॅटिक वीज कार्डाला मारते. नंतरच्या कम्प्युटरमध्ये शटडाउन केल्यावरही बोर्डावर थोडा करंट राहतो. तो हिरवा लाइट हेच सांगत असतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही, चांगलं माहीत होतं. पण हात जुन्या सवयीनं चालला. आणि घरातल्या बाईनं टोकलं म्हणून पिन काढायची, हे माझ्यानं झालं नाही. खरं आहे ते लिहितो.

कार्ड तिरपं गेलं. सरळ करायला दाबलं तर चट् असा आवाज झाला, जळका वास आला आणि लाइट विझला.

युसूफभाई चहा घेऊन आत आले. "काय झालं, साहेब?"

माझ्या तोंडून निघालं, "बोर्ड गेला. जुनाच होता. कोणी उघडून साफ करते का याले?"

"हे करते ना," ते भाभींकडे पाहून म्हणाले. "दर महिन्याले उघडून बसते. किती बार सांगितलं, नको हात लावू म्हणून."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा तेवढा प्यालो.

तसाच बोर्ड अकोल्याला एका जुन्या सामानाच्या दुकानात सापडला. चौथ्या दिवशी जाऊन बसवला. पिन काढून. त्याचाही सिरियल पोर्ट मेलेला होता, म्हणून दुसरं कार्डही टाकलं. हार्डडिस्क शाबूत होती, सगळी डिझाइनं शाबूत होती. मशीनही चालली. पण मशीनवर युसूफभाई बसले होते, भाभी दिसत नव्हत्या.

"तिले म्या मना केलं," ते म्हणाले. "आज बोर्ड जाळला, उद्या मशीन जाळीन."

तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. घाईघाईनं कव्हर लावलं आणि एसटी स्टँड गाठला.

आठ दिवसांनी फोन आला. "साहेब, धागा तुटून राहिला, डिझाइन सरकून राहिलं. तुमचं कार्ड खराब निघालं काय?"

गेलो. कार्ड ठणठणीत होतं. कोपऱ्यात वाया गेलेल्या कापडांचा ढीग पडला होता. दुपट्टा नवरीकडचे तसाच अर्धा घेऊन गेले होते. बिघाड मशीनमध्ये नव्हताच. मशीन ज्यांना चालवता येत होती, त्या स्वयंपाकघरात होत्या. मला त्या ढिगाकडे पाहवेना.

"युसूफभाई, बोर्ड मी जाळला," मी म्हणालो. "पिन लावलेली ठेवून कार्ड टाकलं. भाभींनी मले टोकलं होतं."

ते म्हणाले, "अन् त्या दिवशी काहून नाही बोलले?"

"लाज वाटली."

त्यांनी भाभींना हाक मारली. भाभी पडद्याशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं.

"तू काहून नाही सांगितलं मले?"

"सांगून काय होते?" भाभी म्हणाल्या. "ते साहेब. मी घरातली. तुमी कोनाचं आयकलं असतं?"

युसूफभाई खुर्चीवरून उठले आणि बाजूला झाले. भाभी बसल्या, धागा काढून पुन्हा ओवला आणि मला विचारलं, "आज काही उघडायचं हाय का?"

मागच्या वेळच्या घाईत कार्डाचा स्क्रू ढिला राहिला होता. तो कसायचा होता, म्हणून हो म्हणालो.

त्यांनी स्वतः पिन काढली. पॉवर बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ दिला. वायर हातात धरली आणि म्हणाल्या, "करा आता."

तेव्हापासून कुठेही गेलो, तरी कम्प्युटर उघडायच्या आधी वायर काढतो आणि ग्राहकाच्या हातात देतो. माझं होईपर्यंत धरून ठेवा म्हणतो. लोक विचारतात, हे काय नवीन? मी म्हणतो, सेफ्टीसाठी. कोणाच्या, ते सांगत नाही.