दादाची दुनळी

दादा गेला हे मला आमच्या दूधवाल्यानं सांगितलं. फाटकाशी सायकल लावून तो नुसताच उभा राहिला. मी म्हटलं, काय झालं रे? तर म्हणाला, "बाई, मिस्त्री गेले नं जी. तुमाले मालूम नाही काय?" भाच्याचा फोन त्यानंतर पाच मिनिटांनी आला. आत्याला कसं सांगावं याची तो बिचारा जुळवाजुळव करत बसला होता, तोवर अर्ध्या रिसोडला बातमी पोचली होती. ऐंशी उलटलेला माणूस सकाळचा चहा पिऊन खाटेवर आडवा झाला आणि उठला नाही. भेटायला येणारे म्हणत होते, याहून चांगलं जाणं कोणाला मिळतं? खरं आहे. पण अशा वेळी शहाण्यासारखं बोलणाऱ्या माणसांचा मला रागच येतो.

आमचं घर शेतकऱ्याचं. दादानं नांगर धरावा अशी वडिलांची अपेक्षा होती, पण त्याचे हात लहानपणापासून लोखंडाकडे ओढ घ्यायचे. विशी ओलांडली तेव्हा तो एका मालकाच्या मोटारीवर ड्रायव्हर आणि मिस्त्री असा दोन्ही होता. मोटार म्हणजे लढाईतून मोडीत निघालेली लॉरी. सहा सिलिंडरचं म्हातारं इंजिन, पुढे दोन माणसं, मागे कापसाचे गठ्ठे आणि त्या गठ्ठ्यांवर उतारू. ही मोटार रिसोडहून शिरपूर, मालेगाव करत किन्हीराजापर्यंत जायची. जायची म्हणजे किन्हीराजाच्या अलीकडचा चढ येईपर्यंत. तिथे तिचा दम संपायचा. मग उतारू ढकलायचे, नाहीतर शेजारच्या शेतातून कोणाची तरी बैलजोडी आणून तिला वर ओढायची. यात कधी कधी दुपार व्हायची.

ही पन्नास ते साठच्या दरम्यानची गोष्ट. मला किन्हीराजाच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली. सोमवारी अकराच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाईल, असं हुकमात स्वच्छ लिहिलं होतं. वडिलांच्या मनातून मी जायलाच नको होतं. मुलीनं परगावी नोकरी करायची ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. एकटा दादा माझ्या बाजूचा. तो त्यांना एवढंच म्हणाला, "बाबा, सुमीले म्या नेऊन सोडतो. अकराच्या आंधी." वडील म्हणाले, त्या चढावर बसाल दोघं, मग आणीन मी बैलगाडीनं परत. ते त्यांनी चेष्टेनं म्हटलं नव्हतं.

दादानं अकोल्याच्या भंगारातून एक दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर आणून ठेवला होता. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजायचं काम कार्ब्युरेटरचं. आमच्या मोटारीचा एकाच नळीचा होता. "सहा लेकरं अन् एकच वाटी, कसं पुरन वं?" असं दादा म्हणायचा. नव्याला त्यानं बंदुकीसारखं नाव दिलं होतं, दुनळी. पण दुनळीच्या बुडाला भोकं दोन आणि इंजिनावर तोंड एक, म्हणून मधे बसवायला एक जाड लोखंडी पाट करणं आलं. आठ दिवस रोज गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून त्यानं तो कानशीनं घासला, वरून दोन भोकं, खाली दोन्ही मिळून एक. हवा गळू नये म्हणून पुठ्ठा लागतो, तो त्यानं माझ्या भूगोलाच्या वहीचा कापला. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. रविवारी दुनळी बसली. मोटार दारात उभी राहून अशी गुरगुरली की वडीलसुद्धा बाहेर येऊन पाहून गेले.

सोमवारी सपाटीवर आम्ही वाऱ्यासारखे गेलो. चढ लागला आणि मोटार खोकून बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. दादानं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"सुमे, घाईघाईत म्या दुनळीले पाठमोरी बसवली वं."

कार्ब्युरेटरला एका अंगाला पेट्रोल साठवणारी वाटी असते. ती पुढे हवी. पण तशी बसवली तर पायाखालच्या अॅक्सिलरेटरचा दांडा पोचत नव्हता. दांडा वाकवायला लोहाराची भट्टी हवी, म्हणून दादानं दुनळीच फिरवून बसवली. सपाटीवर काही बिघडलं नाही. चढावर मोटारीचं नाक वर झालं, वाटी मागे खाली गेली आणि पेट्रोल नळ्यांपर्यंत चढेना. दहा वाजून गेले होते. मी रडायच्या बेतात होते, म्हणजे ओरडत होते. दादानं उतारूंच्या मदतीनं मोटार खाली नाल्याजवळच्या सपाटीवर नेली आणि तोंड रिसोडकडे करून फिरवली.

"उलटी नेतं काय?" मी विचारलं.

"सुदी चढून नाही राह्यली तं उलटी चढन. आता वाटी वर राहीन. तू मांगं गठ्ठ्यांवर उभी राह्य अन् मले रस्ता सांग."

मी पदर खोचून गठ्ठ्यांवर चढले. मोटार ढुंगण पुढे करून चढू लागली. मी ओरडले, डावीकडे! दादानं त्याच्या डावीकडे घेतली आणि मागचं चाक चरात जाता जाता वाचलं. माझं तोंड एकीकडे, त्याचं दुसरीकडे, कोणाचं डावं धरायचं? तो खालून म्हणाला, "डावं-उजवं सोड. काय हाय थे सांग." मग मी सांगत गेले. बाभळीकडे घे. आता दगडाकडे. आता त्या बाईच्या म्हशीकडे, पण म्हशीवर नको... उतारू गठ्ठ्यांना मिठ्या मारून बसले होते. आम्ही वर आलो. पावणेअकराला मी शाळेच्या दारात उतरले आणि हजेरीपटावर सही केली.

त्या शाळेनं मला उभं केलं. पुढे बदल्या झाल्या, मुख्याध्यापक झाले. दादानं मात्र त्याच महिन्यात मोटारीची नोकरी सोडली आणि रिसोडला रस्त्याच्या कडेला चार पत्र्यांखाली दुकान टाकलं. सुरुवातीची वर्षं फार ओढगस्तीची गेली. मी सुटीत आले की त्याला धारेवर धरायची. चालत्या नोकरीला लाथ मारलीस, तुझं मन कुठे स्थिर म्हणून नाही, घरात नवी नवरी आणून बसवलीस, तिचा तरी विचार करायचा... असं पुष्कळ. तो हसायचा आणि पाना उचलायचा. मला वाटायचं, याला लागतच नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मी वहिनींजवळ तेच पुन्हा बोलून गेले. मोटार सोडली नसती तर त्याचे एवढे हाल झाले नसते, म्हटलं. वहिनी भांडी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यायनं नाही सोडली, बाई. मालकानं काढलं. त्याच सोमवारी, सांजच्याले."

मालकानं आधीच बजावलं होतं म्हणे, दुरुस्ती कर, पण इंजिनात काही बदलायला हात लावशील तर घरी बसशील. दादानं तरी लावला. गावातून मोटार उलटी चढल्याची चर्चा मालकाच्या कानावर गेली आणि निकाल लागला. "अन् दुनळी मातर ठेवून घेतली मालकानं," वहिनी म्हणाल्या. "सुदी करून. मंग भरली मोटार चढे म्हनत."

"मंग मले काहून नाही सांगतलं?" इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून घरचीच बोली आली.

"म्हने, सुमीले समजलं तं थे शाळा सोडून मालकाच्या दारात भांडाले जाईन. पयले नोकरी पक्की होऊ दे. मंग तुमी पक्क्या झाल्या... अन् मंग राहूनच गेलं."

मी उठून दुकानात गेले. भाच्यानं अजून काही हलवलेलं नाही. पाने भिंतीवर मापानं टांगलेले आहेत, आणि त्याचं ते बुटकं लाकडी स्टूल लोखंड आवळून धरायच्या व्हाइसजवळ तसंच आहे. त्या स्टुलासमोर उभी राहून मी दादाशी भांडले. मोठ्यानं, नाव घेऊन. आयुष्यभर नको त्या कारणांवरून भांडत आले, खरं कारण हाती लागलं ते असं. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, पण त्यांनी मला अडवलं नाही. मधे मधे मी थांबत होते, त्यालाही बोलायला जागा मिळावी म्हणून. एवढी सवलत मी त्याला आधी कधी दिली नव्हती.