वहीतले ‘गप्प’

डाव्या हाताला टीव्हीचं दुकान, उजव्या हाताला स्पीकरचं. दोन्हीकडे दिवसभर काही ना काही वाजत असायचं आणि मधल्या दुकानात मात्र आवाज होऊ नये म्हणून सगळा आटापिटा चालायचा. तिथल्या मालकांना बाजारात ‘कानसेन’ म्हणत. चेष्टेत पडलेलं हे नाव त्यांनी मनातल्या मनात पदवीसारखं लावून घेतलं होतं. डेस्कटॉप जुळवून देणारे बाजारात ढीगभर होते. पण प्रोसेसर थंड ठेवायला त्यावर कुठला पंखेवाला कूलर बसवावा हे विचारायला त्यांचीही पावलं शेवटी इकडेच वळत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. एकच जुना प्रोसेसर, त्यावर उष्णता वाहून नेणारी वाटाण्याएवढी पेस्ट, वर कूलर. मग प्रोसेसरला अर्धा तास कामाला जुंपायचं आणि तापमान वहीत उतरवायचं. एवढं कुणीही करील. कानसेनांची परीक्षा त्यापुढे सुरू व्हायची. ते दार लावून घेत, छताचा पंखा बंद करत, कूलरपासून वीतभर अंतरावर कान नेत आणि डोळे मिटून बसत. मग शेवटच्या रकान्यात शेरा पडे: ‘घोरतो’, ‘कुरकुरतो’, ‘दमेकरी’. पूर्वी क्वचित एखाद्या भाग्यवंताला, हल्ली मात्र बऱ्याच जणांना ‘गप्प’. तो शेरा मिळाला की कूलर विकला गेलाच म्हणून समजा.

एकदा एक बाई आल्या. त्या घरी बसून अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत.

“दिवसभर घसा फोडायचा, आणि ऐकायला बसावं तर मागे आपला पंखाच घरघरतोय,” त्या म्हणाल्या. “काका, काहीतरी करा बाई याचं.”

कानसेनांनी तीन कूलर लावून पाहिले. प्रोसेसरच्या खोक्यात फुकट येतो तो: सत्त्याऐंशी अंश, ‘किंचाळतो’. पातळ पत्र्यांचे दोन मनोरे आणि दोन पंखे असलेला: सहासष्ट अंश, ‘गप्प’; पण हे धूड इतकं उंच की बाईंच्या कॅबिनेटची बाजूची काच लागेना. एकाच मनोऱ्याचा, तांब्याच्या चार नळ्यांचा: एकाहत्तर अंश, ‘गप्प’.

“पाच अंशांनी काही आभाळ कोसळत नाही,” ते म्हणाले. “हा न्या. चालू आहे की बंद, ते डोळ्यांनी बघावं लागेल तुम्हाला.”

तिसऱ्या दिवशी बाई कॅबिनेट घेऊन परत आल्या. सोबत हेडफोन आणि फोनवर घेतलेलं रेकॉर्डिंगही आणलं होतं.

“काका, शीळ येते हो. अगदी बारीक, पण सारखी.”

कानसेनांनी हेडफोन चढवला. बाईंचा आवाज आला, पान उलटल्याचा आला, आवंढा गिळल्याचासुद्धा आला. शीळ काही आली नाही.

“पॉवर सप्लाय असेल,” ते म्हणाले. “पंखा नव्हे. पंखा मी स्वतः ऐकलाय.” आणि खात्री पटवायला त्यांनी मशीन तिथेच टेबलावर सुरू केलं.

तेवढ्यात त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. उंबरठ्यावरच थबकून ती म्हणाली, “अहो, ही कसली शिट्टी?”

बाईंनी नजर खाली घातली. कानसेनांनी पंख्याच्या मधोमध बोट टेकवून तो थांबवला.

“आता?”

“थांबली.”

बोट काढलं. “आता?”

“आली की.”

तिला पाठ फिरवायला लावून त्यांनी असं पाच वेळा केलं. पाचही वेळा तिने बरोबर सांगितलं.

मग ते वही काढून बसले. सुरुवातीच्या पानांवर दहा कूलरांमागे नऊ शिव्या होत्या. गेल्या तीन वर्षांची पानं मात्र बहुतेक गप्प, गप्प, गप्प अशीच भरली होती. कंपन्या आता सुधारल्या, असं ते येईल त्याला सांगत आले होते. कंपन्या होत्या तिथेच होत्या. कानसेनांना त्या पानांची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. बाजारातल्या निम्म्या टेबलांखाली त्यांच्या शब्दावर घेतलेले कूलर शिट्ट्या मारत असणार.

“इथे बस,” त्यांनी बायकोला आपलं स्टूल दिलं. “वीतभर अंतर. डोळे मीट.”

त्याच कूलरवर त्यांनी एकामागून एक चार पंखे लावले. “हा भुणभुणतो,” ती म्हणाली. “हा मघाच्यासारखाच. हा नको, दात खातो. आणि हा... लावलाय ना?”

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता. शेवटच्या रकान्यात त्यांनी तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं आणि तो चौथा पंखा बसवून दिला. बाईंनी तिथेच कान लावून पाहिलं, मान डोलावली आणि कॅबिनेट उचलून त्या गेल्या.

डबा तसाच पडून होता. कानसेनांना मागच्या वर्षीची गोष्ट आठवत होती. फ्रिज दिवसभर शीळ घालतो, अशी बायकोची तक्रार होती. त्यांनी फ्रिजला कान लावला, तो गप्प ठरवला आणि तिलाच कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचे कान उत्तम निघाले. “आलाच आहात तर तुमचेही बघू का?” असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कानसेन पोट धरून हसले होते, आणि या डॉक्टरला काही कळत नाही म्हणत घरी आले होते.

“अगं,” ते वहीत बघत म्हणाले, “त्या कानाच्या डॉक्टरांचा नंबर आहे का कुठे?”

“फ्रिजच्या दारावर लावलाय,” डबा उघडत ती म्हणाली. “वर्ष झालं.”