काकूंचं दुखणं
स्पिरिटचा वास आला की मला रत्नागिरीतल्या काकू आठवतात. संगमेश्वराहून कॉलेजसाठी आले, तेव्हा मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहायचे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस नुकती आली होती. एक डॉक्टरीणबाई कॉलेजात त्याबद्दल बोलून गेल्या, तेव्हा आम्ही मुली ओढणीत तोंड लपवून हसलो. लग्नाआधी बायकांच्या दवाखान्याची पायरी चढताना कुणी पाहिलं, तर बोभाटा ठरलेला. काकूंना हे सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. त्यांची सख्खी बहीण त्याच आजाराने गेली होती. शनिवारी त्या मला घेऊनच निघाल्या. फाटकाशी शेजारणीने हटकलं, "कुठे गो दोघी?" "दवाखान्यात. माझंच दुखणं, हिला सोबतीला नेत्ये," काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या. सहा महिन्यांत तीन डोस, प्रत्येक वेळी हेच. आळीभर त्यांच्या आजाराची कुजबूज झाली, कुणी शहाळी आणून दिली. ती काकूंनी मलाच पाजली. परवा माझ्या लेकीला तीच लस द्यायला निघाले, तर तिने जिन्यातच शेजारणीला ओरडून सांगितलं, "मी लस घ्यायला चाललेय!" शेजारीण म्हणाली, "शहाणी गं!" एवढंच. आणि याच गोष्टीसाठी काकू सहा महिने माझ्याऐवजी आजारी राहिल्या होत्या.